कानबाईचा रोट कोणी खाल्ला?

कानबाईचा सण एका दिवसावर आला आणि तोतारामच्या ओसरीवर सगळे भाऊबंद एकाच गोष्टीवर अडून बसले. ज्योतीच्या नावाची मूठ घ्यायची की नाही?

आता मूठ म्हणजे गव्हाची मूठ. सावद्याजवळच्या त्यांच्या घराण्यात श्रावणात कानबाई देवी बसते, तेव्हा घरात जेवढी माणसं तेवढ्या मुठी गहू घेतात, घरच्याच जात्यावर दळतात आणि त्याचे जाड, गोड, खरपूस रोट करतात. नैवेद्य झाला की हे रोट फक्त घरच्यांनी खायचे. बाहेरच्याच्या तोंडी तुकडासुद्धा जाता कामा नये. लग्न होऊन गेलेली लेकही त्या दिवशी बाहेरचीच. तिने खीर वाटीवर वाटी ओरपावी, पण रोटाकडे बघू नये. आणि चुकून बाहेरच्याचा हात टोपलीला लागला तर सगळे रोट गाईपुढे टाकायचे आणि पुन्हा गव्हापासून सुरुवात करायची. यंदा मान तोतारामच्या घराचा होता, त्यामुळे जातंही त्याच्याच ओट्यावर मांडलं होतं.

निकाल द्यायचा होता नथ्थूआबांनी. भाऊबंदांत वयाने सगळ्यात मोठे तेच. तोंडात दात थोडे उरलेले, पण नियम एकही पडलेला नव्हता. त्यांनी ज्योतीकडे बघितलं, ती अंगणात शेळीला पाला घालत होती, आणि आवाज जरा खाली आणून म्हणाले, "पोरगी गुनाची हाये, मी नाही कुठी म्हनतो? पन ते पाहुनी हाये बापा. सरकारनं तुह्याकडे ठेवायले देली. तिची मूठ नाही घेता येत."

तोतारामने मूग गिळले. एरवी तो केळीच्या भावावरून व्यापाऱ्यांशी दिवसभर हुज्जत घालणारा गडी. पण नथ्थूआबांपुढे त्याच्या बापाचंही कधी चाललं नव्हतं, तिथे त्याचं काय चालणार!

ज्योती या घरात आली त्याची गोष्ट अशी. ऋतिका, म्हणजे तोतारामची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन धुळ्याला गेली आणि घरात नवरा-बायको आणि टीव्ही एवढेच उरले. बायकोने, सुनंदाबाईंनी, कुठूनतरी ऐकलं, की ज्या मुलांच्या घरी सध्या सांभाळायला कोणी नाही अशी मुलं काही काळासाठी दुसऱ्या घरात ठेवतात. त्यांचं घर सावरलं की मूल परत जातं. तोतारामने विचारलं, "दत्तक नाही, मंग काय भाड्यानं?" त्यावर सुनंदाबाई दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच जळगावला चौकशी करून आला.

मग प्रशिक्षण झालं. जळगावच्या बालकल्याण ऑफिसातल्या हेमलता मॅडमनी सगळ्या पालकांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं. मूल तुमचं होणार नाही, तरी तुमचंच असल्यासारखं सांभाळायचं. ते तुम्हाला आई-बाबा म्हणेल ही आशा धरायची नाही. सणावारात त्याला बाजूला काढायचं नाही. आणि बऱ्याच घरांतून फिरलेलं मूल खाणं लपवून ठेवतं, त्याला उद्याची खात्री नसते, तेव्हा रागवायचं नाही. ज्या माणसाला स्वतःची मुलगी कितवीत आहे हे कधी धड सांगता आलं नव्हतं, तो तोताराम गावात येऊन चहाच्या टपरीवर बालसंगोपनावर बोलू लागला. केळीचे घड कापणाऱ्या मजुरांनाही त्याने सोडलं नाही. ते बिचारे घड खांद्यावर घेऊन ऐकत उभे राहायचे.

ज्योती आली ती सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून. तिसरीतली मुलगी. आई नव्हती, बाप कामाला गेला तो परतला नव्हता. आजी दिवालीबाईने सांभाळलं, पण तिची नजर गेली, मग ज्योती काकाकडे, मावशीकडे, आणखी कुणाकडे अशी फिरत राहिली. पोरगी रडेल, रुसेल, आदळआपट करेल अशी तोतारामने कंबर कसून तयारी केली होती. तिने यातलं काहीच केलं नाही. सांगितलेलं सगळं निमूट करायची, आणि खाणं लपवायची. दप्तरात अर्धी भाकरी, उशीच्या अभ्र्यात गूळ. एकदा तोताराम शेतावर निघताना गमबुटात पाय घालायला गेला, तर आत पिकलेलं केळं. पायमोजा बरबटला, पण गड्याच्या चेहऱ्यावर कोण आनंद! बायकोला हाक मारून म्हणाला, "पाह्यलं का? आपली पोरगी अगदी शिकवल्यापरमानं वागते."

तर अशी ही ज्योती हळूहळू घरात रुळत होती. सुनंदाबाईंसारखी बोलायला लागली होती, आणि त्या दोघांचा तर जीवच तिच्यात गुंतला होता. घोर एकच होता. मॅडम न सांगता कधीही घर बघायला येणार होत्या. नुसतं नवरा-बायकोने माया करून भागत नाही, घरचे नातेवाईक मुलाला आपलं मानतात की नाही हेही त्या बघणार होत्या. मानत नसतील तर मुलीला दुसरीकडे हलवू, असं त्यांनी मागच्या खेपेला गोड आवाजात बजावलं होतं. आणि इथे नथ्थूआबांनी मूठच नाकारली होती. तोताराम त्या रात्री धड झोपला नाही.

रविवारी सकाळपासून घर माणसांनी भरलं. ऋतिकाही आदल्या दिवशीच धुळ्याहून आली होती. तिला पाचवा महिना होता. जावई तिला सोडून, चहा पिऊन लगेच परत गेले होते. भाऊबंदांतल्या बायकांनी रोट भाजले, मोजून टोपलीत रचले, वर कोरं फडकं टाकलं आणि टोपली देवघरात ठेवली. तोतारामला दिवसभराचा उपास. पण त्याचं लक्ष सगळं ज्योतीकडे. तिला वेगळं वाटू नये म्हणून त्याने तिच्यामागे कामांचा असा सपाटा लावला, की फुलं तीच आणणार, समईत वात तीच घालणार, पाहुण्यांना पाणी तीच देणार. दुपारपर्यंत पोरीने अख्ख्या गावाला पाणी पाजलं असेल.

संध्याकाळी नैवेद्याची वेळ झाली. तोतारामची चुलत वहिनी लताबाई, जिने आदल्या दिवशी जवळजवळ एकटीने सगळं दळलं होतं, तिने टोपली बाहेर आणून रोट मोजले. पुन्हा मोजले. मग तिने सुनंदाबाईंकडे बघितलं. एक रोट कमी होता.

बातमी ओसरीवर यायला वेळ लागला नाही. नैवेद्याआधी रोट जाणं ही काही लहानसहान गोष्ट नव्हती. नथ्थूआबांनी स्वतः मोजले, मध्येच विसरले, डोळ्यांना दोष देऊन पुन्हा मोजले, तरी एक कमीच. कोणी मांजरावर आळ घेतला. पण फडकं नीट झाकून ठेवणारं मांजर त्या गावात तरी कोणी पाहिलं नव्हतं.

तोतारामच्या लगेच ध्यानात आलं. निदान त्याला तसं वाटलं. पोरीने लपवला असणार, दुसरं कोण? आणि आता हे उघड झालं तर आबा म्हणणार बाहेरचीचा हात लागला, मग सगळे रोट गाईपुढे जाणार, आणि भाऊबंद तिला या जन्मी आपली म्हणणार नाहीत. त्याने पुढचा-मागचा विचार केला नाही. घसा साफ करून म्हणाला, "आबा, रोट म्या खाल्ला."

त्याच दमात स्वयंपाकघराच्या दारातून सुनंदाबाईंचा आवाज आला, "आबा, म्या खाल्ला."

आता एका रोटाचे दोन चोर झाले. आबांनी दोघांना समोर उभं केलं. कुठे खाल्ला म्हणून विचारलं, तर तोताराम म्हणाला गोठ्यात, सुनंदाबाई म्हणाल्या चुलीपाशी. दोघांनी मिळून खाल्ला का, तर हा म्हणाला हो, त्या म्हणाल्या नाही. तिसरा प्रश्न विचारायची आबांना गरजच पडली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात या जोडप्याचं एकमेकांशिवाय पान हललं नव्हतं, पण खोटं मात्र दोघं वेगवेगळं शिकली होती.

एवढ्यात चुडामणला अक्कल सुचली. हा तोतारामचा चुलत भाऊ, लताबाईचा नवरा. गावात कुणाची सायकल हरवली तरी तपासाला आधी हा हजर. त्याने ज्योतीच्या खाणं लपवण्याबद्दल ऐकलं होतं, कारण तोतारामनेच कौतुकाने अख्ख्या गावाला सांगितलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चुडामण आत गेला, खुंटीवरचं दप्तर घेऊन आला आणि सगळ्यांसमोर ओसरीवर उलटं केलं.

पुस्तकांबरोबर अर्धी भाकरी पडली. गुळाचा खडा पडला, दोन पापड पडले, एक काळं झालेलं केळं पडलं. रोट काही पडला नाही. माणसं गोल करून बघत होती आणि मध्ये ज्योती उभी होती, मान खाली, ओठ घट्ट मिटलेले. कोणी विचारलं, रोट घेतला का गं? ती बोलली नाही. दुसऱ्याने दरडावून विचारलं, तरी नाही.

आणि नेमक्या त्याच वेळी अंगणात जीप थांबली आणि हेमलता मॅडम आत आल्या. सणाचा दिवस आहे, सगळं गोत एका जागी भेटेल, घर बघायला याहून चांगला दिवस कोणता, असा त्यांनी विचार केला होता. त्यांनी बघितलं ते हे, की वीसेक मोठी माणसं एका लहान मुलीला घेरून उभी आहेत आणि तिचं दप्तर जमिनीवर पालथं पडलं आहे.

तोतारामच्या तोंडचं पाणी पळालं. वादळात उभा बाग आडवा होताना त्याने पाहिला होता, तेव्हाही तो एवढा घाबरला नव्हता. गेली पोरगी, त्याला वाटलं. आता मॅडम तिचे कपडे भरायला सांगणार. मॅडमनी शांतपणे विचारलं, काय चाललंय?

मग तोताराम पुढे झाला. खाली बसला. भाकरी उचलली, गूळ उचलला, पापड, काळं केळं, सगळं एकेक करून पुस्तकांसकट दप्तरात घातलं आणि दप्तर ज्योतीच्या हातात दिलं. उठून भाऊबंदांकडे तोंड करून म्हणाला, "हे तिचं हाये. याले कोनी हात लावायचा नाही. रोट म्या खाल्ला म्हनलं ना, मंग झालं." एवढं बोलताना त्याची नजर नथ्थूआबांवरच होती, आणि ती त्याने खाली घेतली नाही.

"बाबा, बस करा आता." माजघराच्या दारात ऋतिका उभी होती. रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं. "रोट मी खाल्ला."

मग तिने सांगितलं. सकाळी ती ज्योतीची वेणी घालत बसली होती, तेव्हा रोट भाजल्याचा वास आला आणि तिचा जीव नुसता कासावीस झाला. सहज बोलून गेली, की या वासानं मला काही सुचत नाही बाई, पण मला कोण देणार? ज्योती उठून गेली. थोड्या वेळाने परकराच्या ओच्यात एक अख्खा रोट घेऊन आली, ऋतिकाच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, ताई, खा, मी कोनाले नाही सांगनार. आणि खरंच तिने सांगितलं नव्हतं. सगळ्यांसमोर दप्तर उलटं झालं तरी नाही.

तोताराम ज्योतीकडे बघत राहिला. जी पोर अर्धी भाकरी त्याच्यापासून लपवून ठेवत होती, कारण उद्या मिळेल याची तिला खात्री नव्हती, तिने हातात आलेला अख्खा रोट दुसऱ्याला देऊन टाकला होता. स्वतः तुकडाही चाखला नव्हता. आणि वर शब्द पाळला होता. ऋतिका बारावी पास झाली तेव्हा तोतारामने गावभर पेढे वाटले होते. आज वाटायला हातात काही नव्हतं, म्हणून तो नुसता मिशीवरून हात फिरवत उभा राहिला. त्याला एवढा अभिमान वाटत होता, की उपासाची भूकसुद्धा कळेनाशी झाली.

अडचण मात्र संपली नव्हती, उलट वाढली होती. टोपलीला हात लावणारी पाहुणी, आणि रोट खाणारी लग्न होऊन गेलेली. नियमाने दोघी बाहेरच्या. बरं, गर्भारशीचे डोहाळे मारू नयेत, हाही नियमच, आणि तोही नथ्थूआबांनीच घराण्यातल्या सुनांना वर्षानुवर्षं ऐकवलेला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! आबा डोकं धरून बसले. चुडामण लगेच म्हणाला, यात काय एवढं, सगळे रोट गाईला घाला आणि पुन्हा दळा.

पुन्हा दळा म्हटल्याबरोबर लताबाई उठली. आधी तिने नवऱ्याकडे असं बघितलं, की तो खांबामागे सरकला. मग पदर नीट करून आबांसमोर येऊन म्हणाली, "आबा, पोरगी बाहेरची असली तं सगये रोट बाटले. घरची असली तं घरच्या पोरीनं एक रोट उचलला, येवढंच झालं. तुम्ही काय ते सांगा. जातं अठीच हाये, आणि दयायले यावेळी तुम्ही मानसं बसा."

मानसं म्हणजे पुरुष मंडळी. सगळ्यांनी जात्याकडे बघितलं. जातं चांगलं दणकट होतं. आणि काय चमत्कार, एकाएकी सगळ्यांना ज्योतीची माया आली! कोणी म्हणालं, पोरगी किती दिवसांची घरात आहे. कोणी म्हणालं, मला तर ती पहिल्यापासून आपलीच वाटते. काल मुठीच्या वेळी ज्याने सगळ्यात मोठ्याने नाही म्हटलं होतं, त्यालाच आता ती तोतारामच्या आईसारखी दिसू लागली.

नथ्थूआबांचाही उपास होता. त्यांनी रोटांच्या टोपलीकडे बघितलं, एक मोठा श्वास घेतला आणि लताबाईला विचारलं, "आपल्या देवघरात कोन जाऊ शकते?"

"घरचे मानसं."

"आज बाहेरचं कोनी आत गेलं व्हतं?"

"कोनीच नाही."

"ही पोरगी गेली व्हती?"

"गेली व्हती."

"मंग घरचीच हाये ना!" आबा खेकसले, जणू एवढा वेळ बाकीचेच घोळ घालत होते. "आन ऋतिकानं नाही खाल्ला. तिच्या पोटातल्यानं खाल्ला. तो बाहेर आला का त्याले इचारू. आता उगी वेय नका घालवू, आरती लावा."

आरती झाली, नैवेद्य झाला आणि पंगत बसली. ज्योती तोताराम आणि लताबाईच्या मध्ये बसली. नथ्थूआबांनी स्वतःच्या हाताने तिच्या ताटात रोट वाढला आणि जरा जास्तच तूप घातलं. तिने अर्धा रोट खाल्ला. उरलेला अर्धा हळूच ओच्याकडे सरकला. तोतारामने ते बघितलं आणि निवांत भाजीत तुकडा बुडवला. घेऊ दे. एका दिवसात सगळं थोडंच होतं?

हेमलता मॅडम बाजूला खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना चहा दिला होता. त्यांनी नातेवाइकांना ज्योतीबद्दल विचारलं, तर सगळे एकदमच बोलायला लागले, आणि सगळ्यात जास्त चुडामण. मॅडम ऐकून घेत होत्या, मान डोलवत होत्या, पण त्यांचा कल कुणालाच कळत नव्हता. तोताराम घास घशाखाली ढकलत त्यांच्या तोंडाकडे बघत होता. इतक्यात मॅडमनी वास घेतला आणि हसून म्हणाल्या, "कानबाईच्या रोटाबद्दल मी फार ऐकलंय. आमच्या कोकणात नसतं असं काही. एक तुकडा चाखायला मिळेल का?"

पंगत थिजली. ज्या बाईच्या हातात ज्योतीचं सगळं होतं, तिला नाही कसं म्हणायचं? आणि आत्ताच एवढं सगळं निस्तरल्यावर हो तरी कसं म्हणायचं? नथ्थूआबा आढ्याकडे बघू लागले. चुडामणला ताटात काहीतरी सापडलं. सुनंदाबाईंनी तोतारामकडे बघितलं, तोतारामने सुनंदाबाईंकडे. त्याचं मन एकदा म्हणालं, दे बाबा, पोरीपुढे रोट काय मोठा? हात ताटाकडे गेलाही.

"मॅडम, तुम्हाले नाही चालत." ज्योती बोलली. तिने आपलं ताट जरा जवळ ओढून घेतलं होतं. आवाज अगदी अदबीचा होता, पाहुण्यांशी बोलताना असावा तसा. "हे आमच्या घरच्यायचं असते. बाहेरच्या मानसाले नाही देत. तुमच्यासाठी खीर आनू का?"

तोतारामचा हात तिथेच थांबला. वाटलं, मॅडमची माफी मागावी, पोर अजाण आहे म्हणावं. पण छाती अशी भरून आली होती की तोंडातून शब्दच फुटेना, आणि फुटला असता तरी माफीचा नसता.

हेमलता मॅडम क्षणभर ज्योतीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला.

"आण बाई," त्या म्हणाल्या, "मला खीरच आण."